धरला

दादाशी बोलायचं म्हणजे त्याच्या सोयीने बोलायचं. या खेपेस सोय होती नगरपालिकेच्या गोल्फच्या मैदानावर, रविवारी सकाळी. घरी तुझी वहिनी असते, तिथे निवांत बोलू, म्हणाला.

विषय एकच होता. मला दुसऱ्या गावी वरची जागा मिळत होती आणि होकार सोमवारी कळवायचा होता. आईला वर्षभर दादाने न्यावं, एवढंच विचारायचं होतं. पडल्यापासून ती माझ्याकडेच आहे. कुणी धरल्याशिवाय तिला चालता येत नाही.

गोल्फ म्हणजे बड्यांचं काम, असं आपल्याला वाटतं. इथे पत्र्याची शेड, कुणाकुणाच्या घामाने चिकट झालेल्या भाड्याच्या काठ्या, टक्कल पडलेली हिरवळ आणि पुढचे लोक सरकेपर्यंत ताटकळणं. खिडकीतल्या माणसाने सांगितलं, दोघांनाच सोडत नाही, चौघं लागतात. आणि दातांचे एक निवृत्त डॉक्टर आणि त्यांची बायको आमच्या गळ्यात बांधली. दादा इथे दर रविवारी येतो. चौघं लागतात हे त्याला ठाऊक नव्हतं असं मानायला मी काही दुधखुळी नाही.

मी तोंड उघडलं की तो ओठांवर बोट ठेवायचा. समोरचा मारत असताना बोलायचं नसतं. हा नियम त्याच्या इतका कामी कधी आला नसेल. डॉक्टरांच्या बायकोला माझी दया आली असावी, तिने काठी कशी पकडायची ते दाखवलं.

बॉल होलपासून वीतभर राहिला की दादा "धरला" म्हणायचा. म्हणजे मारायचा नाही, गेला असं समजायचं. आधी स्वतःचा, मग डॉक्टरांचा. मागचे खोळंबत नाहीत, त्याने मला समजावलं. माझा एकही तेवढा जवळ आला नाही, म्हणून मी सगळे मारले.

शेवटच्या होलवर मी परक्यांची भीड सोडली आणि विचारलं, आईला कधी नेतोस?

दादा होलकडेच बघत होता. "अगं, ती तुझ्याकडे रुळलीय. आम्ही ते धरूनच चाललो होतो."

डॉक्टर आणि त्यांची बायको झाडं बघू लागले. दादा वीतभरावरचा आपला बॉल उचलायला वाकला, तेव्हा मी पाय आडवा घातला.

"धरला नाही. मार."

त्याने हसत मारला. अलगद आत गेला.

"बघ, गेलाच असता," म्हणाला. सगळ्यांशी हात मिळवले, तुझा हात बसतोय, पुढच्या रविवारीही ये, असं मला सांगितलं आणि गाडीकडे गेला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. त्याला त्याचं काही नव्हतं.

घरी आई पलंगावर बसली होती. शेजारी बॅग, कामवालीकडून भरून घेतलेली. आत घड्या घातलेले कपडे, वर औषधांची पिशवी आणि चष्म्याचं घर. मी तिला काही सांगितलं नव्हतं. आमचं फोनवरचं बोलणं तिने ऐकलं असणार.

"नाही म्हणाला का तो?"

"नाही असं नाही म्हणाला."

"मग राहू दे भरलेली. तो यायचा आणि माझं आवरून झालेलं नसायचं."

सोमवारी मी ऑफिसात नकार कळवला. बॅग पलंगाखाली आहे. तिला त्यातलं काही लागलं की मी काढून देते, धुते आणि घडी घालून परत आत ठेवते.