पप्पांनी काढलेली मेल

पणजीच्या दवाखान्याचा फोनवर निरोप आला: माझ्या लेकीच्या, गौरवीच्या कानांच्या तपासणीची वेळ ई-मेलने पाठवली आहे, रविवार दुपारपर्यंत होकार कळवा, नाहीतर ती वेळ दुसऱ्याला जाईल.

आज रविवार. मी माडीवरचा कॉम्प्युटर लावला. मेल नाही. नवऱ्याचा लॅपटॉप बघितला. तिथेही नाही. दवाखान्यात फोन कुणी उचलेना.

धारगळच्या आमच्या घरात कॉम्प्युटर तीन आणि ई-मेलचा पत्ता एकच, सासऱ्यांच्या दुकानाच्या नावाचा.

गौरवी, आमची बाय, तिसरं वर्ष संपवत आली, पण मागून हाक मारली की वळत नाही. "बापायवर गेलीय," म्हणून सगळे हसतात. मीही हसते, आणि तिच्या पाठीमागे जाऊन हळूच चमचा वाजवून बघते.

"अगो, आमच्या घरातली मेल म्हणजे पोदेराचे पाव," माझा नवरा गौरेश म्हणाला. "जो पहिला दार उघडतो, तो पिशवी आत घेतो. मागून येणाऱ्याला नुसता खिळा!"

पोदेर, म्हणजे सायकलवरचा पाववाला, सकाळी दाराच्या खिळ्याला टांगलेल्या पिशवीत पाव घालून जातो. आमच्याकडे पहिले म्हणजे पप्पाच, माझे सासरे. पहाटे उठून पुढच्या खोलीतला कॉम्प्युटर तेच लावतात, आणि सगळी मेल त्यावरच उतरते.

ते मागीलदारी मिरचीच्या रोपांना पाणी घालत होते.

"पप्पा, दवाखान्याची मेल आली होती?"

"ती? ती मी सकाळींच काडली मगो."

दुकानाला येणाऱ्या फालतू जाहिराती ते रोज पुसून टाकतात, आणि 'घाण काडली' म्हणतात.

"पप्पा, ती बायची होती!"

"म्हणून तर काडली."

"निदान विचारायचं तरी!" माझा आवाज चढला तशा सासूबाई रांधपघरातून बाहेर आल्या.

"अहो, काडली म्हणजे खंय घातली, तें सांगा मगे. पोर रडाक आली!"

पप्पा गोंधळले. हात पुसत आत आले आणि चष्मा लावून कॉम्प्युटरसमोर बसले. पडद्यावर 'बाय' नावाचा कप्पा. लसींच्या तारखांची स्मरणपत्रं, बारशाचे फोटो, आणि सगळ्यांत वर पणजीची मेल.

"घाणींत हरवतली म्हणून वेगळी काडून ठेवली," ते म्हणाले. "जबाब पण दिला."

मी जबाब उघडला.

'महोदय, मंगळवारी सकाळी आम्ही सहकुटुंब येत आहोत. नात हाकेला वळत नाही. मात्र पोदेराचा भोंपू वाजला की खेळ टाकून व्हरांड्यात धावते. नोंद घ्यावी. कृष्णनाथ.'

"हे खरं, पप्पा?"

"रोज सकाळीं. तू तेव्हां चाय करीत असतंस."

दिवसभर तिच्यावर डोळे लावून बसणारी मी!

जेवल्यावर गौरेशने तिन्ही कॉम्प्युटरांवर काहीबाही बदललं. आता मेल कुणीही आधी उघडली तरी सगळीकडे दिसणार.

"तुला वेगळा पत्ता करून देऊ?"

"नको," मी म्हटलं. "हाच असू दे."

संध्याकाळी मी गौरवीच्या मागे बसून राहिले. ती ठोकळे रचत होती. एकाएकी तिने मान वर केली. मला तर काहीच ऐकू आलं नव्हतं. मग हमरस्त्याकडून बारीकसा आवाज आला, पों पों, आणि ती ठोकळे पाडून दाराकडे धावली.

मंगळवारी जायचंच आहे, सहकुटुंब. तोवर मी पिशवी घेतली आणि तिच्या मागून पाव आणायला गेले.