झाकणाचा उजवा कोपरा

घाबरू नका, मी बोलतेय. न्हाणीघराच्या दाराशी, नळाखाली उभी आहे ना, ती कपडे धुण्याची मशीन. या घरात हल्ली जरा कुठे खुट्ट झालं तरी माणसं दचकतात, म्हणून आधीच सांगून टाकलं.

माझ्या जन्मात फुशारकी मारण्यासारखं काही नाही. एका लांबलचक कारखान्यात पत्रा वाकवला, पांढरा रंग दिला, पोटात पिंप बसवलं आणि वरून झाकण लावलं. माझ्यासारख्या शेकडो निघाल्या. त्यांतली एक मी, या घरात आले आणि इथलीच झाले.

घरचे मालक म्हणजे मिस्त्री. लिफ्ट दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. "दार नीट लागल्याशिवाय लिफ्ट हलत नाही. निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात," हे वाक्य मी भिंतीपलीकडून इतक्या वेळा ऐकलंय, की वेळ पडली तर लिफ्टसुद्धा चालवीन. बाहेरचा माणूस दुरुस्तीला आलेला त्यांना खपत नसे. पंखा, इस्त्री, मिक्सर, सगळं स्वतः उघडणार. त्यांची बायको, म्हणजे आमच्या बाई, म्हणायच्या, "अहो, एखादी वस्तू तरी सुखानं बिघडू द्या."

त्यांची लेक शाळेत होती तेव्हा माझ्या झाकणाखालचं प्लॅस्टिकचं बोट तुटलं. झाकण पडलं की हे बोट आतलं एक बटण दाबतं, मग मला कळतं की आता कपडे पिळायला हरकत नाही. मिस्त्रींनी जुन्या फूटपट्टीचा तुकडा कापला, स्क्रूनं बसवला आणि फडक्याला हात पुसत म्हणाले, "लावून बघ." एवढं सांगून ते हात धुवायला आत गेले.

तुकडा नखभर आखूड पडला होता. मी पाणी सोडून दिलं आणि ढिम्म उभी राहिले. बाईंनी झाकणाच्या उजव्या कोपऱ्यावर तळहात ठेवून जरा दाबलं, तशी मी फिरायला लागले. हात काढला, थांबले. ठेवला, पुन्हा फिरले.

आतून हाक आली, "झाली का गं?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "झाली," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून दर धुण्याला, पिळणं संपेपर्यंत, बाई माझ्या शेजारी उभ्या. हात कोपऱ्यावर, नजर खिडकीबाहेर. कधी गुणगुणायच्या, कधी कुणाशी तरी मनातलं भांडण ओठांतल्या ओठांत पुरं करायच्या. ओट्यावर दूध वर यायला लागलं की लेकीला बोलवायच्या. "इथं हात ठेव. आणि बाबांना सांगू नकोस." मिस्त्री जाता येता चिडवायचे, "कपडे मशीन धुते, तू पहारा कसला देतेस?" बाई म्हणायच्या, "मला आवडतं." हे खोटं नव्हतं असं मला वाटतं. वर्षं गेली, तसा कोपऱ्यावरचा रंग उडाला. तळहाताएवढी जागा उघडी पडली.

लेक मोठी झाली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. आणि यंदा थंडी सरता सरता बाई गेल्या. दुखणं अंगावर काढण्याची त्यांची सवय, तेवढं एकच दुखणं त्यांना अंगावर काढता आलं नाही.

पुढे मिस्त्रींनी पहिल्यांदा मला लावलं. मी धुतलं, पाणी सोडलं आणि थांबले. त्यांनी झाकण उघडलं, ओले जड कपडे बघितले आणि माझा बिघाड शोधायला बसले. पाणसळ लावून माझे चारही पाय एका पातळीत केले, जाळीतला धाग्यांचा गोळा काढला, पाण्याचा पाइप फुंकून बघितला, मागचा पत्रा खोलून पट्टा चाचपला. फक्त झाकणाकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. ती दुरुस्ती त्यांची स्वतःची होती, तिच्यावर शंका कोण घेणार? दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

लेक भेटायला आली तेव्हा दोरीवर टपटप गळणाऱ्या चादरी होत्या आणि खाली ओळीनं बादल्या. झाकणाचं ते जुनं गुपित इतक्या वर्षांनी तिलाही आठवलं नाही. ती म्हणाली, "बाबा, असं कसं एकट्यानं निभावणार? माझ्याकडे चला. हे घर बंद करू."

"मशीन चालू करून दाखवतो," मिस्त्री म्हणाले. "मग तर राहू देशील?"

"दाखवा. पुढच्या रविवारी येते. नाही झाली तर मात्र माझं ऐकायचं."

त्या आठवड्यात ते घडलं. दुपारची वेळ. मिस्त्री स्वयंपाकघरात भांडी घासत होते. घरात कुणी नाही, वाराही नाही. मी पाणी सोडून नेहमीसारखी अडून उभी होते आणि अचानक कोपऱ्यावर मला ऊब जाणवली. मी फिरले. थोडंच, पण पिंप घुमेल इतकं.

मिस्त्री साबणाच्या हातानं धावत आले. "कोण आहे?"

मी थांबले. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "आलीस का?"

मला विचाराल तर माझं आतलं बटण जुनं झालंय. शेजाऱ्यांनी दार आपटलं तरी हादऱ्यानं ते चिकटतं. बहुतेक वेळा तसंच असतं. पण त्या दुपारी दार आपटलं नव्हतं, हेही मी सांगून ठेवते.

मिस्त्रींनी त्यानंतर हत्यारांची पिशवी उघडलीच नाही. ते रोज बाईंची निळी चादर माझ्यात टाकायचे, स्टूल घेऊन समोर बसायचे आणि बोलायचे. भाजीत मीठ जास्त झालं, शेजारच्यांनी कुत्रं आणलं, लेक न्यायचं म्हणतेय. मी फिरले नाही की त्यांचा चेहरा उतरायचा. कधी चुकून घुमले की ते हसायचे, आणि त्या हसण्याची मला जास्त भीती वाटायची. एक धुतलेली चादर पुन्हा पुन्हा धुवून तिचा निळा रंग पाण्याबरोबर चालला होता. मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं, की मिस्त्री, झाकणाखाली बघा.

रविवारी लेक आली. मिस्त्री तिला म्हणाले, "मशीन बिघडलेली नाही. तुझी आई आहे तिथं."

लेकीचा चेहरा पांढरा पडला. ती न्हाणीघरात आली, माझ्यातली निळी चादर बघितली आणि मला चालू केलं. मिस्त्री मागोमाग येऊन दारात थांबले. माझं पाणी सोडून झालं, तसा लेकीनं खिडकीबाहेर बघत, डोळे पुसत, दुसरा हात माझ्या कोपऱ्यावर ठेवला. लहानपणची सवय, तिच्या ध्यानातही आलं नसावं. मी फिरायला लागले.

"हात काढ," मिस्त्री म्हणाले.

तिनं काढला. मी थांबले.

"ठेव."

मी फिरले. आयुष्यभर लिफ्टची दारं तपासलेल्या माणसाला आणखी सांगावं लागलं नाही.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही पट्टी बसवलीत तेव्हापासून." लेक रडत होती. "आई म्हणाली होती, बाबांना सांगू नकोस. त्यांनी एवढ्या हौसेनं केलंय."

मिस्त्रींनी झाकण उचललं. फूटपट्टीच्या तुकड्याखाली बोट घालून ते नखभर अंतर चाचपलं. मग झाकण टाकून रंग उडालेल्या जागेवरून अंगठा फिरवत राहिले. ती जागा गंज समजून पुसताना मी त्यांना बघितलं होतं. आज ते पुसत नव्हते.

लेक चादर वाळत घालायला गच्चीत गेली. मिस्त्रींनी पिशवी उघडली, प्लॅस्टिकचा नवा तुकडा कापला, माप धरून बघितलं. या वेळी तंतोतंत होता. स्क्रू सैल करायला पेचकस टेकवला आणि हात तिथंच राहिला. थोड्या वेळानं त्यांनी पेचकस पिशवीत टाकला आणि नवा तुकडा खिशात. बादलीतले ओले टॉवेल माझ्यात घातले, मला पिळायला लावलं.

लेक खाली आली. मी जोरात फिरत होते.

"झाली का बाबा?"

"झाली," मिस्त्री म्हणाले. त्यांचा हात कोपऱ्यावर होता.

लेकीनं हाताकडे बघितलं. मग त्यांच्याकडे. "बरं झालं," ती म्हणाली. "मग राहा इथंच. मी येत जाईन."

आता माझं वय झालंय. एक दिवस कुणीतरी मला जिन्यावरून खाली नेईल, त्याची मला खंत नाही. मागणं इतकंच, की मला मोडण्याआधी झाकणाच्या उजव्या कोपऱ्यावर एकदा तळहात ठेवून बघा. तिथं रंग उडालाय, गंज नाही.

तोवर आमचं बरं चाललंय. मिस्त्री हात ठेवतात, मी पिळते. ते आता मला काही विचारत नाहीत. पण एखाद्या दुपारी, घर शांत असताना, दारावरची घंटा वाजते, ते हात उचलून जातात आणि मी थांबत नाही. ते परत येऊन बघतात. अशा वेळी ते कोपऱ्यावर हात ठेवत नाहीत. नुसते बाजूला सरकून उभे राहतात, दोघांना जागा पुरेल इतके.