माळढोकाचं आख्यान

रिपुंजय तिवारीची ही शेवटची संधी होती, आणि अलाहाबादच्या कटरा पेठेतल्या त्याच्या लॉजवर चहावाल्यापासून घरमालकिणीपर्यंत सगळ्यांना हे ठाऊक होतं. कलेक्टरकीच्या परीक्षेला बसायच्या बाकी साऱ्या खेपा वाया गेल्या होत्या. या वेळी प्रिलिम्स, म्हणजे पूर्वपरीक्षा, निघाली नाही, तर मुकाट्यानं बलियाकडच्या गावी परतायचं आणि बाबूजींच्या शेजारी बसून कथा सांगायला शिकायचं, असं बापलेकांत ठरलं होतं. बाबूजी म्हणजे पंडित रामउजागर तिवारी. गंगेच्या दोन्ही तीरांवर त्यांच्या भागवताला माणसं लोटत. व्यासपीठाला वारस हवा, एवढीच त्यांची आस होती. रिपुंजयला मात्र कलेक्टर व्हायचं होतं. गळ्यात झेंडूचा हार आणि समोर डुलणाऱ्या म्हाताऱ्या, हे त्याला नुसतं डोळ्यांपुढं आलं तरी अंगावर काटा यायचा.

तसा पोरगा हुशार. इतिहास तोंडपाठ, घटनेची कलमं जिभेवर. घोडं अडायचं ते चालू घडामोडींपाशी. कुठला अहवाल कोणी काढला, कुठल्या संस्थेचं ठाणं कुठं, कुठला प्राणी किती संकटात, हे सकाळी वाचलेलं संध्याकाळपर्यंत डोक्यातून साफ पुसलं जाई.

वैशाखात कटऱ्यातल्याच एका मंदिरात बाबूजींचा सप्ताह होता. ते अर्थातच मुलाच्या खोलीवर उतरले. खोलीत दुसरा होता अखंडप्रताप सिंह, जौनपूरचा. इतकी वर्षं तयारी करून हा गडी बोलायचाही प्रश्नपत्रिकेतच. बाबूजींनी जेवलास का म्हणून विचारलं, की सांगायचा, "विधान एक, भाजीभाताची तहरी शिजली आहे. विधान दोन, तिच्यात मीठ नाही. दोन्ही विधानं बरोबर, बाबूजी."

दुपारी खाटेवर पडल्या पडल्या बाबूजी मुलाचं पाठांतर ऐकत. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवेना. उठून बसले.

"अरे, हे तू पाठ करतोयस की विटा मोजतोयस?"

रिपुंजय वैतागून म्हणाला की यात रस घ्यावा असं काहीच नाही, नुसती नावं आणि गावं आहेत. बाबूजींनी मासिक त्याच्या हातातून काढून घेतलं, चष्मा चढवला आणि बराच वेळ वाचत राहिले. मग म्हणाले की नावं आणि गावं तर त्यांच्याही पोथीत आहेत. शंकर कैलासावर, विष्णू क्षीरसागरात, हे कुणी रट्टा मारून पाठ केलंय का? ज्याचं काम कळलं, त्याचं स्थान आपोआप लक्षात राहतं. आणि त्यांनी तिथंच मांडीवर ठेका धरून सूर लावला. जगाला जेवू घालणारी अन्नपूर्णा रोमला बसली, आजाऱ्यांचा वैद्य जिनिव्हाला, न्यायाचा धर्मराज हेगमध्ये. झाडापेडांची माउली मात्र या गोऱ्यांच्या थंड गावांत रमेना, ती रुसून आफ्रिकेला नैरोबीत जाऊन राहिली. रिपुंजयनं लाजून खोलीचं दार लोटून घेतलं. पण संध्याकाळी चहा पिताना त्याच्या ध्यानात आलं, की चारही गावं जशीच्या तशी आठवताहेत.

सप्ताह संपला तरी बाबूजी परतले नाहीत. दिवस कलला की लॉजच्या तापलेल्या गच्चीवर पाणी मारायचं, सतरंजी अंथरायची आणि चालू घडामोडी लावायच्या. आधी नुसती पोरं होती. मग घरमालकीण आली, मग शेजारच्या इमारतीतल्या बायका हरभऱ्याची डाळ निवडत निवडत आल्या. पूर्वरंगाला अर्थसंकल्प आणि सरकारी योजना. त्यात हशा पिकायचा, कारण योजनांची नावं बाबूजी अशी घेत, जणू एकाच घरातल्या भांडकुदळ जावा. उत्तररंगाला वन्यजीव. तेव्हा पदर डोळ्यांना लागत. शेवटी आरती आणि सत्तूचं सरबत. अखंडप्रतापनंसुद्धा आपल्या जाडजूड नोट्स बासनात गुंडाळल्या आणि जाहीर केलं की आता वाचनाची गरज आहे हे विधान चूक.

गाजलं ते माळढोकाचं आख्यान. जैसलमेरकडचा उघडा माळ, सूर्य माथ्यावर, आणि भुईवर एकच अंडं घालून बसलेली ती माय. वरून विजेच्या तारा गेलेल्या. बिचारीची नजर अशी, की उडताना समोरची तार तिला दिसत नाही. बाबूजींनी तिला उडवली, तारेपाशी आणली आणि थांबले. गच्चीवर कुणी श्वास घेईना. घरमालकीण पुटपुटली, "राम राम, आता हिला काही होऊ नये." आणि खरंच काही झालं नाही. तारा भुईत गेल्या, अंडं फुटून पिल्लू निघालं, पिलाची पिलं झाली, माळ पक्ष्यांनी भरून गेला आणि टाळ्यांच्या गजरात आरती सुरू झाली.

परीक्षेच्या दिवशी रिपुंजय गुणगुणतच पेपर सोडवत होता. पर्यवेक्षक बाई दोनदा त्याच्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. नैरोबी आलं, हेग आलं, जावाजावांचं भांडण आलं. पेन कसं सरसर चाललं होतं. मग आला माळढोक. त्याची अवस्था काय? धोका नाही, असा एक पर्याय होता. अतिसंकटग्रस्त, असा दुसरा. कानात बाबूजींचा आवाज घुमत होता, भरलेला माळ दिसत होता. पण मागं कधीतरी कुठल्याशा पानावर वाचलेलं काहीतरी उलटंच, अंधूक, आतून टोचत होतं.

तो पेन टेकवणार, एवढ्यात त्याला आपलं लहानपण आठवलं. बाबूजी रात्री हरिणीची गोष्ट सांगत. एकदा पारध्यानं बाण सोडला आणि रिपुंजयनं भोकाड पसरलं. बाबूजींनी जागच्या जागी तो बाण वळवून परत भात्यात घातला होता. त्या दिवसापासून त्यांच्या गोष्टीतलं एकही जनावर मेलं नव्हतं.

रिपुंजयनं पेन मागं घेतलं. गच्चीवरच्या बायका रडायला लागल्या, की बाबूजी कशाकशाला वाचवत होते ते त्याला एकेक आठवू लागलं. चंबळेतली सुसर पोराबाळांनी सुखी झाली होती. आटलेलं तळं तुडुंब भरलं होतं. त्यानं देवाचं नाव घेतलं आणि जिथं जिथं कथा गोड झाली होती, तिथं तिथं पेपरात कडू उत्तर दिलं. माळढोक अतिसंकटात गेला. एका गेंड्याचं मात्र खरोखरच बरं चाललं होतं, त्यालाही त्यानं त्याच भरात उगाच संकटात लोटलं.

संध्याकाळी गच्चीवर कल्लोळ माजला. बाकी सगळ्यांनी जनावरं सुखरूप ठेवली होती. अखंडप्रताप तर लालबुंद होऊन बाबूजींसमोर उभा राहिला. या वेळी त्याला विधानंही सुचेनात.

"बाबूजी, तुम्ही मासिक वाचलं होतं ना? त्यात लिहिलं नव्हतं का, की पक्षी मरताहेत म्हणून?"

"लिहिलं होतं, बाळ."

"मग?"

बाबूजींनी त्याला हाताला धरून शेजारी बसवलं. "ती अंड्यावर बसली होती रे. तिला तारेला लटकवून मी आरतीचं ताट कसं उचलू? माझ्या जिभेला ते वळणच नाही." मग खाली मान घालून त्यांनी विचारलं, "फार मार्क गेले का?"

अखंडप्रताप म्हणाला की सुसरीचे गेले, पण नैरोबीचे मिळाले. बाबूजींनी पोरांची हात जोडून क्षमा मागितली आणि दुसऱ्या सकाळी सगळ्यांना घेऊन संगमावर गेले. तिथं माळढोकासाठी म्हणून त्यांनी जप सांगितला. भांडायला टपलेली पोरं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून जप करत होती आणि नावाडी विचारत होते, की कोण वारलं.

निकाल लागला तेव्हा बाबूजी गावी होते. अखंडप्रताप काठावर सुटला. रिपुंजयचा नंबर यादीत नीट मधोमध होता. फोनवर सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती. व्यासपीठाला वारस मिळाला नाही, हे बाबूजींना तोंडावरच सांगायला हवं, असं त्याला वाटलं. तो बसनं गावी पोचला तर शाळेच्या पटांगणात कथा ऐन रंगात आलेली. मांडव गच्च. त्यानं कडेकडेनं व्यासपीठाजवळ जाऊन पायांना हात लावला आणि कानात सांगितलं की प्रिलिम्स निघाली.

बाबूजी क्षणभर डोळे मिटून बसले. वारसाचं जे काही दुःख असेल ते त्या मिटल्या डोळ्यांआडच राहिलं असावं. कारण उघडले तेव्हा ते भरून आले होते आणि चेहरा हसत होता. त्यांनी पेटीवाल्याला खूण केली आणि कृष्णाला गोकुळातच सोडून नवं आख्यान लावलं. एका कथेकऱ्याचा पोर होता. भाड्याच्या खोलीत तहरी खाऊन शिकला. वर्षामागून वर्षं पडला. आता निकालाचा दिवस आला आणि तो पास झाला. मांडवानं टाळ्या वाजवल्या. रिपुंजय लाजून हसला. एवढ्यावर थांबतील असं त्याला वाटलं होतं.

पण बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बाबूजींनी सूर वर नेला. पोरानं मुख्य परीक्षा दिली, लिहिता लिहिता हात सुजला, तीही निघाली. रिपुंजय खालून मान हलवून नाही नाही म्हणत होता. मुलाखतीला मोठमोठे साहेब बसले होते, त्यांनी उठून खांद्यावर हात ठेवला. रिपुंजयनं बापाचं उपरणं ओढलं. आणि आज, बाबूजी गाऊ लागले, आज तो आपल्याच जिल्ह्याचा कलेक्टर होऊन तुमच्यापुढं उभा आहे. म्हाताऱ्यांनी पोर जन्मल्यावर गातात तो सोहर धरला, सरपंचानं स्वतःच्या गळ्यातला हार काढून त्याच्या गळ्यात घातला, आणि मागून आरतीची घंटा वाजली.

दुसऱ्या दिवशी पहाटे गावातला झूरी महतो दारात हजर. शेजाऱ्यानं नाली त्याच्या अंगणात वळवली होती, त्याचा अर्ज घेऊन. रिपुंजयनं त्याला परोपरीनं समजावलं की अजून मुख्य परीक्षा व्हायची आहे, मुलाखत व्हायची आहे, आपण अजून कुणीच नाही. महतोनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मोठी माणसं अशीच नम्र असतात म्हणाला, आणि अर्ज त्याच्या हातात ठेवून निघून गेला.

बस पकडायला रिपुंजय पांदीनं निघाला, तेव्हा समोरून येणारा जो तो सायकलवरून उतरून प्रणाम करत होता. एक म्हातारी तर नातवाला त्याच्या पायांवर घालायला वाकली. सगळ्यांना उलट हात जोडत जोडत तो रस्त्यावर आला. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली होती, पण त्यानं बाहेर पाहिलं नाही. बस अजून गावाच्या हद्दीतच होती, आणि त्यानं पिशवीतून मुख्य परीक्षेचं पुस्तक काढून पहिलं पान उघडलं. नापास होऊन आता या वाटेनं परत येता येणार नव्हतं.