हात का पडला?

दर बुधवारी सकाळी नऊ ते दहा डोळ्यांच्या त्या दवाखान्यात पेशंटना प्रवेश नसे. तेवढ्या तासात तिथल्या नोकरमाणसांची डोकी तपासली जात. हॉलमधल्या खुर्च्या भिंतीला लावायच्या, गोल करून उभं राहायचं आणि मधोमध धारवाले सर. त्यांच्या शिबिराचं नाव 'विचारांना रोज धार', म्हणून त्यांचं हे नाव पडलं. गल्लीतून सुऱ्या-कात्र्यांना धार लावत फिरणारे निदान धार लावून तरी देतात. सरांच्या बाबतीत ती खात्री नव्हती, पण कानाला माइक लावून ते असे बोलत की ऐकणाऱ्याने मध्ये श्वास घ्यावा की नाही, हा प्रश्न पडावा.

"मेंदूचे किती टक्के वापरता तुम्ही? दोन! उरलेल्या अठ्ठ्याण्णवला कुलूप! आणि किल्ली कुठे आहे?"

"हातात!" सगळे एका सुरात.

"शाब्बास! जीभ खोटं बोलते, डोळे खोटं बोलतात. पण हा," सर दंड थोपटत, "हा सत्यस्नायू खोटं बोलूच शकत नाही! चिठ्ठी लिहा, पाकिटात बंद करा, छातीशी धरा. आत खरं लिहिलंय की खोटं, हा ओळखतो! शंका म्हणजे मेंदूचा गंज. गंज काढा, धार लावा!"

मग चमत्कार. माणसाने हात खांद्याच्या रेषेत आडवा धरायचा आणि एक वाक्य म्हणायचं. सर दोन बोटांनी हात खाली दाबत. वाक्य खरं असेल तर हात ताठ राही, खोटं असेल तर लुळा पडे. चष्म्यात काचा बसवणारा म्हणाला, "काल मी वेळेवर आलो," आणि त्याचा हात पडला. सगळे खो खो हसले, कारण काल तो अर्धा तास उशिरा आल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. सरांनाही.

या भक्तगणात सगळ्यांत पुढे नंबरताई. अकरा वर्षं ती इथे पेशंटच्या डोळ्यांचा नंबर काढत होती, म्हणून नंबरताई. कामात चोख, नजर बारीक, पण बुधवारी ही बारीक नजर ती बहुधा चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवी. सरांची वाक्यं उतरवून घ्यायला तिने खास वही केली होती. घरी नवऱ्याचाही हात धरून झाला होता. सिगरेट सोडली म्हणत होता. हात पडला, आणि घरात चार दिवस अबोला.

अशाच एका बुधवारी झाडलोट करणाऱ्या मावशींना मधे उभं केलं. शोकेसमधली एक सोनेरी फ्रेम नाहीशी झाली होती, आणि धूळ पुसायला शोकेसची किल्ली मावशींकडे असे. मावशींनी हात आडवा धरला.

"मी फ्रेम घेतली नाही."

हात पडला. हॉलमध्ये टाळ्या झाल्या, आणि पहिली टाळी नंबरताईची होती. मावशी पदराने तोंड झाकून मोरीकडे गेल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या यायच्या थांबल्या, म्हणजे त्यांना थांबवलं. नंबरताई पुढे आठवडाभर सांगत होती, "ना पोलीस, ना आरडाओरडा. दोन बोटांत काम!"

दोन महिन्यांनी तीच दोन बोटं तिच्याकडे वळली.

एका आजोबांच्या नव्या चष्म्यात उजवी काच डावीकडे आणि डावी उजवीकडे बसली होती. तो घालून ते जिना उतरले आणि पडले. खुब्याचं हाड मोडलं. त्यांची मुलगी हॉलमध्ये उभी राहून इतकी ओरडली की चाचणीच्या खोलीतल्या अंधारात बसलेल्या नंबरताईच्या हातून काच निसटली. रजिस्टरमध्ये नंबर बरोबर होते. पण रजिस्टरवरून उतरवून काचवाल्याला दिलेली चिठ्ठी फेकली गेली होती. चिठ्ठी नंबरताईने चुकीची लिहिली, की काचवाल्याने काचा उलट बसवल्या?

"बुधवारी सर आहेतच," दवाखान्याच्या मालकीण डॉक्टरबाई म्हणाल्या.

त्या बुधवारी सर आधी केबिनमध्ये बसून प्रमाणपत्रांवर शिक्के मारत होते. मग बाहेर आले. काचवाल्याचा हात ताठ राहिला. नंबरताईची पाळी आली. रिवाजाप्रमाणे आधी एक सरळ वाक्य, "मी इथे नंबर काढते." हात ताठ. मग, "मी चिठ्ठी बरोबर लिहिली." तिने सगळा जोर लावला, दात आवळले. हात पडला.

टाळ्या झाल्या. इतके दिवस आपण टाळ्या वाजवणाऱ्यांत असायचो, हे तिला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

"शनिवारपर्यंत लेखी द्या," बाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "चूक माझ्या हातून झाली, असं. आणि मग... बघू." त्या 'बघू'चा अर्थ सगळ्यांना कळला. असा कागद लिहून दिलेल्या बाईला दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात कोण उभं करणार?

घरी येईपर्यंत तिला ती चिठ्ठी डोळ्यांसमोर दिसू लागली होती. आधी नुसता कागद, मग त्यावर आपलं अक्षर, मग उजव्याच्या जागी डावा नंबर. सकाळी यातलं काहीही आठवत नव्हतं. आता शाईसुद्धा आठवत होती.

नवरा बस चालवायचा. संध्याकाळच्या फेरीला निघायच्या घाईत तो दारात बसून बूट पुसत होता. सगळं ऐकून म्हणाला, "मग टाक लिहून. हात पडला ना तुझा?"

"अहो, पण चुकीची लिहिल्याचं मला आठवत नव्हतं."

"मलाही सिगरेट ओढल्याचं आठवत नव्हतं."

"म्हणजे तुम्ही खरंच..."

"एकसुद्धा नाही. तू चार दिवस तोंड फिरवून बसलीस. शेवटी म्हटलं, ओढली बाई, ओढली. तेव्हा कुठे घरात चहा मिळाला."

"मग हात का पडला?"

"तू दाबलास म्हणून!" नवरा बुटाची नाडी ओढत म्हणाला. "दुसरं काय होणार त्याचं?"

तो निघून गेला. नंबरताई कोपरापर्यंत हात धुवायला गेली आणि नळाखाली तिचा हात तसाच राहिला. हातावर जांभळे डाग होते. शिक्क्याची शाई. एक जोडी कोपराजवळ, फिकट, आणि दुसरी थेट मनगटावर, ठसठशीत. सरांची दोन बोटं. पहिल्या वाक्याला ती कोपराशी टेकली होती, दुसऱ्याला मनगटावर.

दार बिजागरीशी ढकलून बघा आणि कडीशी ढकलून बघा. बिजागरीशी घाम फुटतो, कडीशी करंगळी पुरते. हाताची बिजागरी म्हणजे खांदा. शाळेत शिकलेलं होतं सगळं. अकरा वर्षं काचांचे अंश मोजणाऱ्या बाईला ते बुधवारी आठवलं नव्हतं इतकंच.

तिला आनंद व्हायला हवा होता. पण ती मोरीच्या कट्ट्यावर बसली. हाताचं खरं मानलं तर तिची नोकरी जात होती. खोटं मानलं तर मावशींची उगाच गेली होती, तीही तिच्या टाळीने. क्षणभर तिला खरोखर वाटलं की कागद लिहून द्यावा आणि गप्प बसावं. ते सोपं होतं, आणि मावशींकडे जावं लागलं नसतं.

शनिवारी हॉल पेशंटनी भरला होता. कागद घ्यायला बाईंनी सरांनाही बोलावलं होतं.

"बाई, देते लिहून," नंबरताई म्हणाली. "आधी एक विचारू? पेशंटला 'हे बरं दिसतं की हे?' विचारताना आपण मधेच तीच काच पुन्हा का घालतो?"

"पेशंट अंदाजाने बोलतोय का, ते कळायला. मीच शिकवलंय तुला."

"आणि बरेच जण छातीठोक सांगतात, दुसरी बरी. खोटं बोलत नसतात बिचारे. त्यांना वाटतं, नवीन काच आली, म्हणजे बरं दिसणारच. मग सरांनाही एकदा तशीच काच घालून बघू या ना. सर स्वतःच म्हणतात, बंद पाकिटातलंही स्नायू ओळखतो."

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. पण बाकांवरून चाळीस डोळे त्यांच्याकडे लागले होते, आणि त्यातल्या निम्म्यांत औषधाचे थेंब असले तरी उत्सुकता साफ दिसत होती.

बाईंनी केबिनचं दार लावून दहा चिठ्ठ्या लिहिल्या. पाच खऱ्या, 'आज शनिवार आहे' अशा, आणि पाच खोट्या. पाकिटात घालून घोळल्या. कुठल्या पाकिटात काय आहे, हे आता खुद्द बाईंनाही ठाऊक नव्हतं. काचवाला एकेक पाकीट छातीशी धरून उभा राहिला. सर दाबत गेले, "खरं," "खोटं" सांगत गेले. मग सगळ्यांसमोर पाकिटं फोडली.

दहापैकी चार बरोबर. नाणं उडवलं असतं तरी सरांची बरोबरी झाली असती.

"इथे शंकेची लहर आहे," सर माइक चाचपत म्हणाले. "लहरीत स्नायू गोंधळतो."

"मग पाकीट नसतं तेव्हा कसा गोंधळत नाही हो?" बाकावरून एक आजी म्हणाल्या. त्यांच्या एका डोळ्यावर पट्टी होती.

नंबरताईने धीर एकवटला. "बाई, हात धरा. म्हणा, हा दवाखाना माझा आहे."

"हा दवाखाना माझा आहे."

नंबरताईने मनगटावर दोन बोटं ठेवली, बाईंचा श्वास सुटायची वाट पाहिली आणि दाबलं. हात पडला.

"आता म्हणा, हा दवाखाना नंबरताईचा आहे."

बाईंनी म्हटलं. नंबरताईने कोपराजवळ दाबलं, वर ओरडली, "जोर लावा!" हात ताठ राहिला. पेशंट हसले. बाई हसल्या नाहीत.

सरांना दुसऱ्या शिबिराला उशीर होत होता, असं त्यांना एकदम आठवलं. ते गेल्यावर बाई नंबरताईकडे वळल्या.

"बुधवारी सर शिक्के मारत होते तेव्हा मी त्यांना सहज म्हणाले होते," त्या हळूच म्हणाल्या, "की चिठ्ठी तुझीच चुकली असणार. मावशींचंही मीच म्हणाले होते."

म्हणजे सत्य हातात नव्हतंच कधी. बाईंच्या मनात जे आधीच असे, तेच सरांच्या बोटांतून खाली येई.

फ्रेम काही सापडली नाही. काचा कुणी उलट केल्या तेही शेवटपर्यंत कळलं नाही. "माझीही चूक असू शकेल," नंबरताईने स्वतःच सांगितलं. त्या दिवसापासून चिठ्ठ्या जपून ठेवतात आणि चष्मा हाती देण्याआधी दुसरा माणूस नंबर ताडून बघतो. यात चमत्कार काही नाही, पण त्यानंतर काच उलट गेलेली नाही.

मावशी तिला चार गल्ल्या पलीकडे एका इमारतीचा जिना पुसताना सापडल्या. नंबरताई खालच्या पायरीवर उभी राहून सगळं सांगू लागली. डाग, पाकिटं, बाईंचा पडलेला हात. मावशी फडकं पिळत ऐकत होत्या.

"मी टाळी वाजवली होती," नंबरताई शेवटी म्हणाली.

"सगळ्यांत आधी," मावशी म्हणाल्या.

मग बादलीच्या काठावर फडकं टाकून त्या खाली बसल्या. "ताई, एक सांगू? मलाही वाटायला लागलं होतं, घेतलीच असेल मी. विसरले असेन. हात कसा खोटं बोलेल? सगळं घर दोनदा उपसलं मी. पिठाचा डबासुद्धा."

नंबरताईला रडू आवरेना. मावशींनी ओला हात तिच्यासमोर आडवा धरला.

"मी फ्रेम घेतली नाही. दाबा आता."

नंबरताईने तो हात दोन्ही हातांत धरला. दाबला नाही.

"हे बुधवारी सगळ्यांसमोर सांगा," मावशी म्हणाल्या. "जिथे टाळी वाजवली, तिथेच."

तिने सांगितलं. बाईंनीही सांगितलं. बुधवारचा तो तास आता असा जातो की प्रत्येकाने आठवड्यातली आपली एक चूक सांगायची, आणि ती आपल्याला कशी कळली तेही. हॉल पुसायला पुन्हा मावशीच आहेत. त्या कोपऱ्यात उभ्या राहून ऐकतात आणि अधूनमधून प्रश्न विचारतात. त्यांचे प्रश्न सगळ्यांत अवघड असतात.

वाचकहो, तुमच्याही गावात, कचेरीत कुणी असा धार लावणारा येईल. हात नसेल तर दोरा असेल, खडा असेल, आणखी काही असेल. तेव्हा एवढंच करा. उत्तर ज्याला आधीपासून ठाऊक नाही, त्याच्याकडून तेच पुन्हा करून घ्या. आणि समोर कुणाचा तरी हात पडत असेल, तर आपले दोन्ही हात जरा वेळ खिशात ठेवा.