उजव्या दाराचे रफू

मित्रांनो, मी एक जुना ब्रश आहे. दात घासायचा नव्हे आणि बुटांना पॉलिश करायचाही नव्हे. माणसापेक्षा हातभर उंच, कवेत न मावणारा, उभ्याने गोल फिरणारा ब्रश. गाड्या आपोआप धुणाऱ्या मशीनमध्ये उजव्या बाजूला माझी जागा आहे. डाव्या बाजूला माझा जुळा भाऊ आहे आणि वर एक आडवा ब्रश आहे. तो सगळ्यांच्या टपावरून फिरतो, म्हणून स्वतःला आमचा मुकादम समजतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. प्लॅस्टिकचे हजारो लांब धागे एका दांड्यावर झुपक्याझुपक्याने बसवले आणि झालो मी. नवा होतो तेव्हा ताठ होतो. खरे सांगायचे तर जरा उर्मटच होतो. चिखल दिसला की तुटून पडायचो. दोनेक वर्षांत माझ्या प्रत्येक धाग्याचे टोक उकलले आणि कापसासारखे पिंजले गेले. लोकांना वाटते, ब्रश जुना झाला म्हणजे वाईट झाला. खरे तर उलटे आहे. टोक पिंजले की ब्रश मऊ पडतो. पण म्हाताऱ्या ब्रशाचे ऐकतो कोण?

माझे काम तसे सोपे आहे. गाडी आत येऊन उभी राहते. आधी गरम पाण्याचा फवारा, मग साबणाचा फेस, आणि मग रुळांवरून सरकत आम्ही तिघे तिच्यावर चालून जातो. गाडीला जरा जास्त रेटले तर मला मागे ओढणारी कळ मशीनमध्ये आहे. तरीही आत बसलेली माणसे कशी घाबरतात म्हणता! गाडी बंद असते, तरी स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरतात. कोणी डोळे मिटतात. कोणी काचेतूनच मला "हळू रे बाबा" म्हणतात, जणू मी त्यांचा धाकटा भाऊ आहे. एक गृहस्थ तर गाडी बाहेर काढली की दिवसाढवळ्या मोबाइलचा दिवा लावून तिच्याभोवती फिरायचे. मी त्यांना हसत नाही. पै पै साठवून घेतलेल्या वस्तूवर एवढे मोठे धूड गरगरत चालून आले, तर कोणीही दिवा लावून बघणारच.

ही भीती घालवायचे काम आमच्या काकूंचे. काकू म्हणजे मशीन चालवणाऱ्या बाई. त्यांनी आधी बारा वर्षे बादली आणि फडके घेऊन हाताने गाड्या धुतल्या. त्यात त्यांचे गुडघे गेले. मशीन आले तेव्हा मालकांनी त्यांना बटणांपाशी उभे केले. "उभ्याने करायचं काम मिळालं, आता म्हातारपणाची काळजी नाही," असे त्या मला विंचरताना म्हणायच्या. होय, त्या मला रोज संध्याकाळी विंचरायच्या. माझ्यात अडकलेले खडे, पाने, काड्या बोटांनी वेचून काढायच्या. इतके लाड एखाद्या माणसाचेही होत नसतील.

काकूंची एक पद्धत होती. गाडी आत घेण्याआधी तिच्याभोवती एक फेरी मारायची, ओला तळवा पत्र्यावरून फिरवायचा आणि आधीचे ओरखडे मोठ्याने सांगायचे. "पुढचं दार, दोन. मागचा बंपर, एक. टप, स्वच्छ." गाडीवाला ऐकायचा आणि मान डोलवायचा. नंतर भांडणाला जागाच नको. काकूंच्या तळव्यातून केसाएवढी रेघही सुटत नसे आणि काकूंचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, हे सगळ्यांना ठाऊक होते.

मग तो एरियलचा प्रकार घडला. काकू त्या दिवशी रजेवर होत्या आणि मशीन खुद्द मालक चालवत होते. एका गाडीच्या टपावरचे लांब एरियल काढून ठेवायचे ते विसरले आणि आडव्या ब्रशने ते मुळासकट उपटले. आडवा लगेच नामानिराळा झाला. भरपाई मालकांना करावी लागली, आणि राग निघाला कोणावर? दुसऱ्या दिवशी काकू येताच मालक म्हणाले, "हे ब्रश जुने झालेत. आणखी एक तक्रार आली, तर ब्रश भंगारात आणि तुम्ही घरी." चोर सोडून संन्याशाला फाशी, ती हीच!

मित्रांनो, तेव्हापासून माझे सुख गेले. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, तशी माझी गत झाली. प्रत्येक गाडीला शिवताना मी मनात म्हणायचो, बाबा रे, जपून. काकू तर दोनदोन फेऱ्या मारू लागल्या.

असेच दिवस चालले होते. एका सकाळी एक निळी गाडी आली. सहा महिन्यांपूर्वी घेतलेली, मोरपिसासारखी चकचकीत, पण टपावर पक्ष्यांनी मनसोक्त नक्षी काढलेली. गाडी चालवत होती एक नर्स. रात्रपाळी संपवून, वडिलांना घरून घेऊन ती आली होती. वडील मागच्या सीटवर उजव्या दाराशी बसले होते. सडपातळ, पांढरेशुभ्र केस, डोळ्यांवर जाड चष्मा.

"अगं, आज राहू दे ना," ते म्हणाले. "मी घरी पुसतो. मऊ फडकं आहे माझ्याकडे."

"बाबा, चार दिवस तेच चाललंय तुमचं. दहा मिनिटांचं काम आहे. मशीनला काय घाबरता?"

"मशीनला नाही गं घाबरत..." असे म्हणून त्यांनी काच वर केली. मलाही वाटले, म्हातारबुवा मलाच भ्यायलेत.

काकूंनी फेरी मारली. ओला तळवा बंपरवरून, दारांवरून फिरला. मागच्या उजव्या दारापाशी त्या दोनदा थांबल्या, दोनदा हात फिरवला. "मागचं उजवं दार, स्वच्छ," त्यांनी मोठ्याने सांगितले. मागच्या सीटवरून खोकल्याचा आवाज आला. काकूंनी बटण दाबले.

मी नेहमीपेक्षाही हळुवारपणे त्या गाडीला कुरवाळले. शपथेवर सांगतो. फेस वाहून गेला, स्वच्छ पाणी पडले, वाऱ्याने थेंब उडाले. गाडी बाहेर आली आणि नर्सबाई उतरून कौतुकाने तिच्याकडे पाहू लागल्या. पाहता पाहता त्यांचा चेहरा उतरला. मागच्या उजव्या दारावर वीतभर लांबीचा पांढरा ओरखडा होता.

"हे काय?" त्या ओरडल्या. "आत जाताना दार स्वच्छ होतं! तुम्हीच म्हणालात!"

काकूंनी नाही म्हणावे, तर त्यांचाच शब्द आडवा येत होता. त्यांनी तळवा ओरखड्यावर ठेवला. आता तो सुरीच्या खाचेसारखा हाताला लागत होता. मला तर वाटले, माझेच धागे गळून पडणार. कुठे चुकलो मी? एखादा खडा राहिला का माझ्यात? आडवा वरून म्हणाला, "मी तर टपावर होतो बुवा."

आरडाओरडा ऐकून मालक आले. त्यांनी ओरखडा पाहिला, मला पाहिले आणि एवढेच म्हणाले, "बंद करा मशीन. झालं, काकू. मी सांगितलं होतं."

काकूंचे डोळे भरून आले, पण त्या रडल्या नाहीत. "साहेब, जाते मी," त्या म्हणाल्या. "पण आधी हा ब्रश विंचरू द्या. त्यात खडा सापडला, लोखंडाचा कण जरी सापडला, तरी मी स्वतः सांगेन की चूक आमची. न बघता कसं कबूल करू?"

"विंचरा," नर्सबाई म्हणाल्या. त्या चिडल्या होत्या, पण अन्यायी नव्हत्या.

काकू माझ्यापाशी आल्या आणि खालून वर एकेक झुपका बोटांनी उलगडू लागल्या. गुडघे दुखत असतानाही त्या खाली बसल्या. खडा नव्हता. लोखंड नव्हते. पण कमरेएवढ्या उंचीवर, बरोबर दाराच्या पातळीला, त्यांची बोटे चिकट झाली. त्यांनी हात बाहेर काढून पाहिला, तर बोटांना निळे निळे मेण लागले होते. त्यांनी ते हुंगले. शाळेतल्या मुलांच्या रंगपेटीचा वास.

गाडीचा रंग काही मेणाचा नसतो, एवढे काकूंना कळत होते. मग त्यांनी मान वळवली. एवढा गोंधळ चालला होता, तरी म्हातारबुवा गाडीतून उतरले नव्हते. ओठ घट्ट मिटून, मांडीवर हात ठेवून बसले होते. खाई त्याला खवखवे म्हणतात. काकू खिडकीपाशी गेल्या आणि त्यांची नजर बुवांच्या उजव्या अंगठ्यावर पडली. नखाखाली बारीक निळी कड होती.

दुसरे कोणी असते तर तिथेच बोंब ठोकली असती. काकूंनी काचेवर टिचकी मारली, ती खाली येताच आपला हात खिडकीपुढे धरला आणि हळूच विचारले, "काका, हा रंग साबणाने निघत नाही हो. तुम्ही काय लावता?"

बुवांनी काकूंच्या बोटांकडे पाहिले, मग स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिले. दार उघडून ते खाली उतरले.

"खोबरेल," ते म्हणाले. मग मुलीकडे वळले. "बाईंचा दोष नाही गं. ब्रशाचाही नाही. ते माझं रफू होतं."

"रफू?"

तेव्हा आम्हाला कळले. बुवा आयुष्यभर रफूगार होते. कोटाला भोक पडो की शालू फाटो, धाग्याला धागा असा जुळवायचे की कपड्याच्या मालकालाही फाटले कुठे होते ते सापडू नये. मंगळवारी मुलगी कामाला बसने गेली होती आणि गाडी दारात उन्हात उभी होती. रंग उडेल म्हणून ती सावलीत घ्यायला गेले, आणि फाटकाच्या खांबाला दार घासले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर गाडीला हात लावायचा नाही, अशी मुलीची ताकीद होती. मग त्यांनी नातीच्या रंगपेटीतले दोन निळे खडू मेणबत्तीवर वितळवले, रंगाला रंग मिळेपर्यंत कालवले, खाच भरली आणि लोकरीच्या तुकड्याने दोन तास घासली.

"चार दिवस मलाही दिसलं नाही," नर्सबाई पुटपुटल्या.

"माझ्या हातालाही लागलं नाही," काकू म्हणाल्या. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझा हात फसला. काय काम केलंय काका!"

बुवांच्या चेहऱ्यावर अपराधीपणा होता, पण मिशीखाली थोडे समाधानही होते. ते लपवायचे मात्र त्यांना जमले नाही.

"मला सांगायचं ना, बाबा," नर्सबाई म्हणाल्या.

"सांगितलं असतं तर किल्ली गेली असती."

"किल्ली तर आता जाणारच आहे!"

आधी काकूंना हसू आले, मग नर्सबाईंना, आणि शेवटी बुवाही हसले. माझा जीव भांड्यात पडला. मित्रांनो, इतके हायसे मला उभ्या आयुष्यात वाटले नव्हते. अंगातले सगळे पाणी निथळावे तसा मी मोकळा झालो.

हसू ओसरल्यावर बुवा काकूंपुढे हात जोडून उभे राहिले. "तुमची नोकरी चालली होती आणि मी काच वर करून बसलो होतो. फाटलेलं झाकायची सवय झाली हो जन्मभर. माफ करा."

"शेवटी उतरलात ना," काकू म्हणाल्या. "मी तुमची वाटच बघत होते."

नर्सबाईंनीही काकूंचे हात धरून माफी मागितली. राहता राहिले मालक. ते उगाचच माझे धागे तपासत होते. "ब्रश मऊ आहे तसा," ते म्हणाले. मग धागे सोडून काकूंकडे वळत म्हणाले, "आणि ते एरियल... ते माझ्याकडूनच राहिलं होतं. काकू, मशीन चालू करा." एवढे बोलायला त्यांना तीन महिने लागले, पण बोलले.

निघताना बुवांनी दबकत विचारले, "पुन्हा भरून देऊ का गं? यावेळी पक्कं करतो."

"अजिबात नको," नर्सबाई म्हणाल्या. "राहू दे तसाच. रोज दिसला की किल्ली लपवायची आठवण राहील."

आता माझे फार दिवस राहिलेले नाहीत. माझी टोके फारच विरली आहेत आणि नवा ब्रश मागवल्याचे कानावर आले आहे. त्याचे वाईट वाटत नाही, कारण मी भंगारात जाईन तो चोर म्हणून नव्हे, काम करून थकलेला म्हणून. तुमच्यापाशी एकच मागणे आहे. नवा येईल त्याला रोज विंचरा, नवेपणी तो जरा उर्मट असेल, तेवढे सांभाळून घ्या. आणि तुमच्या हातून कुठे ओरखडा पडला, तर मेण भरत बसू नका. गरम पाणी पडले की मेण निघते, आणि तेव्हा समोर जो उभा असतो त्याच्या गळ्याशी येते. ज्याला सांगायचे त्याला आधीच सांगून टाका. तो रागावेल, किल्ली काढून घेईल, पण रात्री झोप लागेल.

ती निळी गाडी अजून दर महिन्याला येते. बुवा आता पुढे, मुलीच्या शेजारी बसतात आणि मला पाहून हात हलवतात. काकू एकच फेरी मारतात. तळवा दारांवरून फिरत जातो आणि त्या मोठ्याने सांगतात, "पुढची दारं, स्वच्छ. मागचं डावं, स्वच्छ. मागचं उजवं दार, एक. ओळखीचा."

मग मी फिरू लागतो, आणि त्या ओरखड्यावरून जाताना जरा जास्तच हळू जातो.