तेलात भिजलेला परवाना

मित्रांनो, माझ्याकडे असं टक लावून पाहू नका, मला लाज वाटते. मी एक जुना आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आहे. राखाडी पुठ्ठ्याची छोटी पुस्तिका, आत कितीतरी भाषांत एकच मजकूर की या माणसाला गाडी चालवता येते, त्याला चालवू द्या. आणि ज्या माणसाबद्दल मी एवढं सांगतो, त्याचं तोंडच माझ्या पानावर ओळखू येत नाही!

माझा जन्म घानातल्या कुमासी शहरात झाला. कचेरीतल्या बाईनं फोटो चिकटवला, त्याच्या कोपऱ्यावर जांभळा शिक्का मारला आणि शाईनं नाव लिहिलं, बाफूर. हा बाफूर ट्रोट्रो चालवायचा, म्हणजे आमच्याकडची वडापची गाडी. तीही दुसऱ्याची, दार दोरीनं बांधलेली. नामिबियातल्या विंडहुक शहरात मोठ्या बसगाड्यांवर ड्रायव्हर हवे होते आणि त्यासाठी शिकोंगो नावाचे साहेब सोमवारी कुमासीत माणसं निवडायला येणार होते. बाफूरची ती एकच संधी होती.

त्या आठवड्यात मी गल्लीभर मिरवलो. सगळे मला हातात घेऊन पानं उलटायचे.

"अरे, यात चिनीसुद्धा लिहिलंय!"

"लिहू दे की! तो काय चीनला चाललाय, येड्या?"

मी मनातून फुगून गेलो होतो. आता ते आठवलं की पानं मिटून घ्यावीशी वाटतात.

बाफूरची आई, आमा सेरवा, बाजारात सुरण विकायची. आमच्याकडे परदेशी निघालेल्याचे कागद रविवारी प्रार्थनेला नेतात. पाद्रीबाबा त्यांवर हात ठेवतात आणि कोपऱ्याला तेलाचं बोट लावतात. मलाही लावलं. पण आईचं समाधान होईना.

"एवढ्याशा तेलानं विंडहुकपर्यंत कसं व्हायचं?" ती पुटपुटली. घरी येऊन तिनं प्रार्थनेच्या तेलाची बाटली काढली, मला उघडलं आणि माझ्यावर, अगदी फोटोवर, सढळ हातानं धार धरली. मग फडक्यात गच्च बांधून मला लेकाच्या हाती दिलं. "साहेबापुढंच सोड हं. आधी सोडशील तर आशीर्वाद उडून जाईल."

बाफूरनं आईचा शब्द पाळला. फडक्याच्या आत तेल पसरत होतं, शिक्का विरघळत होता, आणि मला ओरडता येत नव्हतं.

सोमवारी शिकोंगो साहेबांच्या टेबलावर गाठ सुटली. माझं रूप पाहून बाफूरचा चेहरा उतरला. फोटोच्या जागी तपकिरी डाग आणि शिक्क्याचा नुसता ओघळ.

"कोणाचा फोटो हा? बदललास की काय?" साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं. रांगेतले ड्रायव्हर माना उंचावून बघू लागले.

बाफूरनं खिशातून घानातला नेहमीचा परवाना काढला. साहेब म्हणाले, "हा एकटा चालत नाही तिकडे, दोन्ही लागतात. आणि मला आजच माणसं न्यायची आहेत. हे कशानं झालं?"

खरं सांगितलं असतं तर सगळी खोली आईला हसली असती. बाफूर खाली मान घालून म्हणाला, "इंजिनाचं तेल लागलं, साहेब. माझाच निष्काळजीपणा."

"ज्याला चार पानं सांभाळता येत नाहीत, त्याच्या हाती बसभर माणसं कशी देऊ?"

मित्रांनो, गल्लीत गाडीवर साधा ओरखडा येऊ न देणाऱ्या माणसाला हे ऐकावं लागलं, आणि ते माझ्यामुळे. मी शरमेनं मेलो.

आई दारातच उभी होती. "झालं ना रे?"

"बरं झालं नाही गेलो, आई," बाफूर म्हणाला. "ती नोकरी काही खरी नव्हती. तुझ्या तेलानंच मला वाचवलं."

आईचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी बाजारभर तिच्या तेलाचा डंका! आणि शनिवारी शेजारची डुफिये आपल्या मुलीचा पासपोर्ट घेऊन दारात हजर. मुलगी शिकायला परदेशी निघाली होती.

"आमा ताई, तुमच्या हातानं तेल घाला बाई. तुमच्या हाताला गुण आहे."

आईनं पासपोर्ट उघडला आणि बाटलीचं बूच काढलं. कोपऱ्यातून बाफूर एकदम ओरडला, "आई, थांब!"

मग त्यानं मला तिच्यापुढं उघडून धरलं आणि सगळं सांगून टाकलं. आईनं माझ्या डागावरून बोट फिरवलं. डुफियेनं आपला पासपोर्ट हळूच उचलून घेतला.

"आणि तू माझं नाव घेतलं नाहीस?" आईनं लेकाला विचारलं.

"हसले असते गं ते तुला."

"हसू देत की मेले!" आई रडायला लागली. "माझं हसं झालं असतं तर काय बिघडलं असतं? तुला निष्काळजी म्हणाला तो!"

मी वर्षभरात बाद झालो. एकही सीमा पाहिली नाही, एकाही पोलिसानं मला उघडून पाहिलं नाही. बाफूर अजून तीच गाडी चालवतो. मित्रांनो, आपले कागद कोरडे ठेवा, हे तर मी सांगेनच. पण मायेच्या माणसाची चूक पोटात घालताना त्याला खरं सांगायचं टाळू नका, नाहीतर त्याची फळं तिसऱ्याच्या लेकराला भोगावी लागतात.

त्या शनिवारनंतर लगेच आलेल्या रविवारी आमा सेरवा भर प्रार्थनेत उठून उभी राहिली. सगळ्यांसमोर तिनं आपली चूक सांगितली. कोणीतरी खुदकन हसलं. ती थांबली नाही. "माझ्या लेकाचा परवाना मी बुडवला," ती म्हणाली. "देवाला तेलातूनही वाचता येतं, साहेबाला येत नाही. आजपासून कागद घरी ठेवा, आणि तेल पोरांच्या कपाळाला लावा." मग तिनं बाफूरला पुढं बोलावलं आणि त्याच्यापुढं स्वतःच मान खाली घातली.