मिस्त्रींच्या पिशवीतली गोळी

मी बोलतेय, स्टॅटिनची गोळी. पांढरी, लांबट, पोटावर एक रेघ. मला पाय नाहीत, नाहीतर आज ते जमिनीवर ठरले नसते, कारण आज एकदाचा माझा नंबर लागलाय!

कारखान्यात पूड दाबून मला घडवलं आणि आम्हा दहा बहिणींना एका चकचकीत पाकिटात बंद केलं. आमचं काम आम्हाला तोंडपाठ. यकृतात कोलेस्टेरॉल तयार होतं त्याला लगाम घालायचा, रक्तवाहिन्यांत चरबी साचू द्यायची नाही आणि हृदयाचा धोका होईल तितका कमी करायचा. काम रोजचं, पण डोळ्यांना दिसत काहीच नाही. डोकेदुखीच्या गोळीचं बरं असतं, अर्ध्या तासात तिचं नाव होतं.

आम्ही आलो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींकडे. दीड वर्षापूर्वी ते एका इमारतीच्या जिन्यात छाती धरून खाली बसले होते. हृदयाच्या नळीत स्टेंट बसवावा लागला. डॉक्टरांनी बजावलं होतं, "ही गोळी रोज घ्यायची. मनानं बंद करायची नाही."

"कामावर जेवण झालं की घेत जाईन," असं बायकोला सांगून मिस्त्रींनी आम्हाला हत्यारांच्या पिशवीत टाकलं आणि विसरले. विसरले कसले, टाळायचे! पान्याचे गुद्दे खात, ग्रीसचा वास घेत आम्ही पडून असायचो. रक्त तपासायला पंधरा दिवस उरले, की मात्र आमची आठवण व्हायची आणि रोज एकीची वर्णी लागायची. रिपोर्ट छान यायचा. डॉक्टर खूश, काकू खूश. काकू म्हणजे मिस्त्रींची बायको, मी आपली मनात तसं म्हणते. मिस्त्री पुन्हा आमच्याकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. पन्नाशी उलटलेला माणूस, आणि परीक्षेपुरता अभ्यास!

आज मिस्त्री सुट्टीमुळे घरीच होते. दुपारी कुकरचा दांडा ढिला झाला. काकूंनी स्क्रू ड्रायव्हरसाठी पिशवीत हात घातला आणि हाताला लागलो आम्ही. सात भरलेली पाकिटं त्यांनी टेबलावर ओळीनं मांडली. मिस्त्री हात धुऊन जेवायला आले आणि जागीच थबकले.

"हे काय?" काकूंनी विचारलं.

"अगं, रिपोर्ट चांगला आहे की. मला कुठं काय होतंय?"

"चालू लिफ्टच्या सर्व्हिसिंगला दर महिन्याला जाता ना? तिथले लोक "लिफ्टला कुठं काय झालंय" म्हणाले, तर त्यांना काय सांगता?"

मला तर टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. पण मग मिस्त्री खुर्चीत बसले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "गोळी हातात घेतली की तो जिना आठवतो गं. नको वाटतं."

"मला गोळी न बघताच आठवतो," काकू म्हणाल्या. "रोज. तुम्ही कामावरून घरी येईपर्यंत."

मग मिस्त्रींनी आपणहून डॉक्टरांना फोन लावला आणि सगळं खरं सांगून टाकलं, गोळी घेतली की पोटऱ्या दुखतात तेही. डॉक्टर आधी चिडले, मग म्हणाले, "आजची गोळी घ्या आणि उद्या सकाळी दवाखान्यात या. दुखण्याचं बघू, लागली तर गोळी बदलू. पण लपवू नका."

काकूंनी पाकीट दाबलं आणि टचकन मीच बाहेर पडले! आता मी मिस्त्रींच्या तळहातावर आहे. मूठ उघडी आहे. काकू पाण्याचा ग्लास धरून उभ्या आहेत.

तुमच्याही घरात माझी एखादी बहीण कोपऱ्यात पडली असेल, तर तिला उजेडात आणा. ती नकोशी वाटत असेल, तर तसं डॉक्टरांच्या तोंडावर सांगा.

काकू उद्यापासून संध्याकाळी दाराकडे बघायच्या थांबतील असं नाही. पण त्यांचा माणूस त्या दारात यावा म्हणून आता आतून आम्हीही राबत असू. मिस्त्रींनी तोंड उघडलंय. चला, कामाला लागते.